लातूरहून फणसाड : म्हातारी माणसं आन् लेकरं घेऊन कोकणच्या जंगलात चालायचं असेल तर

आधी मार्क सांगून टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. फणसाड अभयारण्यातली वाट पाचपैकी साडेचार, कनकेश्वरचा डोंगर चार, कोर्लईचा किल्ला साडेतीन, पण सोबत गुडघे दुखणारं माणूस असेल तर कोर्लईला पण चार द्या. तिन्ही रायगड जिल्ह्यात, अलिबाग ते मुरूड या समुद्राकाठच्या पट्ट्यात, आणि तिन्ही ठिकाणी आम्ही सासू सासरे नवरा आणि दोन लेकरं एवढा लवाजमा घेऊन चाललोय म्हणून सांगायलेय.

मुरूड म्हणलं की आमच्याकडं सगळ्यांच्या डोळ्यापुढं बार्शी रोडवरचं मुरूड येतं. शेजारच्या काकूंनी तर विचारलंच, मुरूडला जायला एवढ्या बॅगा कशाला भरायलीस गं. तर ते मुरूड नाही, जंजिऱ्यावालं मुरूड.

हे लिहायचं कारण असं की नेटवर सोपे ट्रेक, फॅमिली ट्रेक म्हणून जे काही सापडतं ते सगळं पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेलं असतंय, शनिवारी सकाळी निघायचं आन् रात्री घरी यायचं अशा हिशोबानं. आपल्याला तिथं पोचायलाच एक अख्खी रात्र नाहीतर दिवस लागतोय. आणि दुसरं म्हणजे त्यांना झाडीचं कौतुक नाही, आपल्याला आहे. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा नाही, श्रावणात येडशीच्या रामलिंगला जाऊन आलं की आपलं वर्षाचं जंगल झालं. संभाजीनगरकडच्यांना गौताळा तरी आहे, २६० चौरस किलोमीटरचं, फणसाडच्या जवळपास चौपट, आणि गंमत म्हणजे दोन्ही अभयारण्यं १९८६ चीच. पण गौताळ्यातली झाडं उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळून मोकळी होतात. फणसाडात बरीच झाडं बारा महिने हिरवी राहतात, वर पानांचं छत असतं आणि त्या छताखालून सपाट वाटेनं चालता येतं, एवढ्यासाठीच तिथं जायचं.

जायचं कसं हे पटकन सांगते. गाडीनं असाल तर बार्शी टेंभुर्णी करत सोलापूर-पुणे हायवे धरायचा, पुण्यात मुक्काम करा नाहीतर लेकरांचे हाल होतात, मग एक्सप्रेसवे, खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा. रेवदंड्याच्या पुढं कुंडलिकेच्या खाडीवर साळावचा पूल लागतो, तो ओलांडला की सुपेगाव विचारायचं. मुख्य गेट सुपेगावला आहे, काशीदच्या बीचवर नाही, मॅपवर नुसतं फणसाड टाकून जाऊ नका. गाडी नसेल तर लातूर-मुंबई रेल्वे रात्रीची, सकाळी मुंबईत उतरून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला तासाभरात. आमच्या लेकरांना आख्ख्या ट्रिपमधलं काय आवडलं विचारलं तर मोठा म्हणतोय बोट. असो.

आता मेन मुद्दा. या वाटा सोप्या आहेत हे खरं आहे पण कशानं अवघड जातात ते कुणी लिहीत नाही. कनकेश्वर सोडलं तर चढ नाहीच म्हणलं तरी चालेल. अवघड आहे ती तिथली हवा. आपण लातूरची माणसं, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत लग्नं करतो, आपल्याला वाटतं तिथं बत्तीस-तेहतीस म्हणजे काय किरकोळ, आणि तिथं अर्ध्या तासात अंगातला शर्ट पिळून काढायची वेळ येते. आपल्याकडं हवा कोरडी, घाम आला की वाळतो आन् वाळताना अंग गार करतो. तिकडं समुद्राची दमट हवा, घाम अंगावरच राहतो, म्हणजे शरीर पाणी तर घालवतंय पण गार काही होत नाही. म्हणून लेकरं एकदम गळून जातात आणि आपल्याला कळत नाही की सावलीत असून याला झालं काय. पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी, आणि नुसतं पाणी नाही, लिंबू मीठ साखर घातलेलं, लहानं मागो न मागो दर थोड्या वेळानं दोन घोट पाजायचे. आणि निघायचं उजाडल्या उजाडल्या. नऊ-साडेनऊला परत फिरायच्या बेतात असलात की झक्कास, अकराला सुरुवात करणार असाल तर त्यापेक्षा सरळ बीचवर जाऊन नारळपाणी प्या. महिना म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात फोटो लई भारी येतात पण या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्या लातूरच्या चौपट धरा, वाटेवर शेवाळ धरतं आणि म्हातारं माणूस घसरलं की मांडीचं हाड गेलंच म्हणून समजा. तिकडच्या सवतकड्याच्या धबधब्याचे व्हिडिओ बघून लेकरांना घेऊन जायचा विचार असेल तर पावसात नका जाऊ एवढंच सांगते.

तर फणसाड. साधारण सत्तर चौरस किलोमीटरचं जंगल, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, बाकीचा किनारा तुटला तरी हे राहिलं ते त्यामुळंच. गेटवर तिकीट काढायचं, गाडीचे कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, रोख ठेवा कारण आत शिरलं की मोबाईलची रेंज गेली म्हणून समजा. आणि गावातला गाईड घ्याच घ्या. आमचे हे आधी म्हणले कशाला, वाट तर दिसायलीय सरळ. वाट दिसते हो, पण त्या वाटेवर काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आमच्या गाईडदादांनी पहिल्या दहा मिनिटांत एका झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा गोळा दाखवला, आम्हाला वाटलं घार नाहीतर कावळ्याचं घरटं असंल, ते निघालं शेकरूचं. शेकरू म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शाळेच्या पुस्तकात असतो, पण प्रत्यक्षात केवढा असतो याचा अंदाज नव्हता, शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब, तांबूस रंग, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर उडी मारतो तेव्हा फांदी अशी वाकते की खाली आपण दोन पावलं मागं सरकतो. एकच शेकरू अशी चार-सहा घरटी बांधून ठेवतो म्हणे, एकात राहायचं, बाकीची अडीअडचणीला. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, लगेच म्हणल्या, "याचं बरं हाय बाई, प्लॉटिंगवाल्यावानी."

वाट म्हणजे बहुतेक ठिकाणी जीप जाईल एवढी रुंद मातीची, ऐन किंजळ जांभूळ अंजनी अशा झाडांतून जाते. मधेच झाडी संपून गवताचा मोकळा माळ लागतो, परत झाडी. जंगलात पाणी साठणाऱ्या जागा आहेत, तिकडं त्यांना गाण म्हणतात, फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावं. आम्ही फणसाड गाणच्या बाजूला गेलो, जाऊन-येऊन रमतगमत तीनेक तास लागले, धाकटी चार वर्षांची आहे ती निम्मं चालली आन् निम्मं बापाच्या खांद्यावर. नीट चालणारं सहा वर्षांपुढचं लेकरू असेल तर आरामात होईल. पाण्यापाशी गेल्यावर मात्र गप बसायचं, निदान वीस मिनिटं. हे लेकरांना जमत नाही असं सगळे म्हणतात, आमच्या मोठ्याला जमलं, कारण दादांनी त्याला काम लावून दिलं, चिखलातले ठसे मोज म्हणून. सांबराचे, रानडुकराचे, भेकराचे कोणते ते त्याला एकदाच सांगितलं, घरी आल्यापासून आमच्या वावरात कुत्र्याचे ठसे मोजत फिरतोय. बिबट्या आहे त्या जंगलात पण तो दिसणार नाही, तो दिसला नाही म्हणून मार्क कापणाऱ्यांनी झू-ला जावं. भर डिसेंबरात जंगलात आपोआप साठलेलं पाणी बघून मला सारखं २०१६ आठवत होतं, दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं ते, मोठा तेव्हा तान्हा होता आणि त्याची दुपटी आम्ही भांडी विसळलेल्या पाण्यात धुवायचो.

गारंबीचा वेल विसरू नका. माणसाच्या मांडीएवढा जाड वेल, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पिळे घेत गेलेला, कुठं सुरू होतो आन् कुठं संपतो पत्ता लागत नाही, आणि त्याला येणारी शेंग हातभर नाही, मीटरभर नाहीतर त्याच्यापेक्षा लांब. तिच्यातल्या बिया चपट्या, चॉकलेटी, मुठीत मावेल एवढ्या, त्या पाण्यावर तरंगतात आणि समुद्रातून कुठल्या कुठं जाऊन रुजतात. धाकटीला एक पाहिजेच होती, पण अभयारण्यातून काहीही बाहेर न्यायचं नाही, दादांनी ठाम नाही म्हणलं, रडून झालं, विषय संपला. त्या वेलीवर झोके घेऊन रील काढणारे पण दिसले, मोठ्ठाली माणसं हो, लेकरं नाही.

फुलपाखरांचं मला फारसं कळत नाही पण काळं-निळं तळहाताएवढं एक सारखं आडवं येत होतं, ते ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. लेकरांना स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल.

आता गिधाडं. हा भाग माझ्यापेक्षा आमच्या मामांचा आहे. मामा म्हणजे सासरे, शेतकरी माणूस, जंगल बघायला पैसे द्यायचे हे त्यांना मुळात पटलेलं नव्हतं, गेटपासून तोंड पाडूनच चालायले होते. फणसाडात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी वनविभागानं मेलेली जनावरं नेऊन ठेवायचा उपक्रम केला होता, गिधाडांची खानावळच म्हणा. दादा हे सांगायले तसे मामा एकदम थांबले. त्यांच्या लहानपणी गावाबाहेर हाडुळ्याच्या जागेवर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून गिधाडं यायची, संध्याकाळपर्यंत नुसता सापळा शिल्लक. मग ती गेली. कधी गेली ते गावात कुणालाच कळलं नाही, पुढं नुसती कुत्री वाढली. मामांना आजवर वाटायचं दुष्काळानं गेली. दादांनी सांगितलं की जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन द्यायचे, ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी निकामी होते. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव गेली ती याच्यामुळं, आणि जनावरांसाठी या औषधावर बंदी आली २००६ साली, तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. मामा लई वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणले, "मी सवता देत होतो की बैलाला ते इंजेक्शन, डॉक्टर आणून." आम्हाला त्या दिवशी गिधाड दिसलं नाही, पण परतीच्या वाटेवर मामा सगळ्यांच्या पुढं, मान वर करून.

कपड्यांचं सांगते कारण आपल्या बायका साडीवर निघतात. आत्यांची साडी मातीच्या वाटेवर काही अडली नाही, पण पायात चप्पल नको, बूट किंवा मागून पट्टा असलेली सॅंडल पाहिजे, आणि लेकरांना फुल पॅंट, मोजे त्या पॅंटीवर ओढून घ्यायचे, माळावरच्या गवतात गोचिड असतात. चालताना आधाराला म्हणून फांदीला हात घालायचा नाही ही सवय लेकरांना आधीच लावा. चापडा नावाचा हिरवा विषारी साप तिकडच्या जंगलात आहे, तो जमिनीवर कमी, झुडपात हाताच्या उंचीवर पानागत गप पडून जास्त. घाबरवायला नाही सांगत, मोठ्या वाटेच्या मधून चाललं तर काही होत नाही.

अर्धा मार्क कापला तो माणसांमुळं. एका ट्रिपवाल्यांचा तीसेक जणांचा ग्रुप आमच्या मागून आला, ब्लूटूथ स्पीकर लावलेला, हातात वेफर्सची पाकिटं, आणि त्यांचा लीडर म्हणणारा माणूस स्वतःच सगळ्यात मोठ्यानं ओरडायला. त्यानंतर तासभर आम्हाला एक चिमणी दिसली नाही. म्हणून शनिवार-रविवार टाळा, लांबून येणाऱ्या माणसाला तसंही रजा टाकावीच लागते, मग सोमवार-मंगळवारची टाका.

राहायला आम्ही जवळच्या एका गावात होमस्टे घेतला, नाव नाही सांगत, फोटोत दिसत होती ती समुद्राकडची खोली भलत्यालाच दिली आणि आम्हाला मागची, रात्रभर मच्छर. पण त्या घरच्या ताईंचा स्वयंपाक असा की भांडायची हिंमत झाली नाही. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. माळकरी माणसांची तिकडं उपासमार होते असं आम्हाला सगळ्यांनी घाबरवलं होतं, काही होत नाही, आधी सांगून ठेवायचं फक्त. आत्यांनी तरी सोबत आणलेली धपाटी आन् शेंगदाण्याची चटणी काढलीच, आणि त्या ताई तीन दिवसांच्या शिळ्या धपाट्याची रेसिपी लिहून घ्यायल्या. थंडीत गेलात तर पोपटी करून मागा, मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, खाणाऱ्यांसाठी अंडी-चिकन, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला दाबून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात, पाणी तेल काही नाही. आपल्या हुरडा पार्टीची चुलत बहीणच ती, शेतात, थंडीत, जाळाभोवती बसून.

कनकेश्वर अलिबागच्या अलीकडं, मापगाव पायथ्याला. हा देवाचा डोंगर आहे त्यामुळं आत्या याच्यासाठीच आल्या होत्या. आंग्र्यांच्या काळातल्या दगडी पायऱ्या आहेत, सातशेच्या वर, दोन्ही बाजूंनी दाट झाडी, मधे मधे टेकायला जागा. पायऱ्या रुंद आहेत पण उंची सारखी नाही, काही ढोपराएवढ्या, त्यामुळं गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी विचार करा. आत्यांना वर पोचायला दीड तास लागला, लेकरं त्याच्या आधी अर्धा तास पोचून वानरांना टकमक बघत बसली होती. वानरांसमोर पिशवी उघडायची नाही. वर शंकराचं देऊळ, मोठी दगडी पुष्करणी, आणि झाडीतून एका जागी समुद्र दिसतो. आत्यांचं म्हणणं तुळजापूरच्या पायऱ्या उतरून दर्शनाला जाताना एवढा दम लागत नाही. उतरताना पाय थरथरतात, काठी न्या. एक मार्क कापला कारण हा चढच आहे, इथं रमतगमत असं काही नाही, फॅमिली ट्रेकच्या यादीत याला सोपं लिहिणाऱ्यानं सोबत सासू नेलेली नसणार.

कोर्लई जंगल नाहीच खरंतर, समुद्रात घुसलेला डोंगर आहे आणि त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला, १७४० मध्ये मराठ्यांकडं आला. गाडी दीपगृहापर्यंत जाते, तिथून पायऱ्यांनी वीस मिनिटांत किल्ल्यात. वर सावली नाही म्हणून मार्क कमी, पण तिन्हीकडं पाणी एवढं जवळून दुसऱ्या कुठल्या सोप्या वाटेवर दिसत नाही. खालच्या कोर्लई गावातले काही लोक अजून घरात पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, टपरीवर चहा पिताना कानावर आली, आमच्या ह्यांना वाटलं कन्नड आहे, उदगीरकडचे असल्यामुळं त्यांनी दोन शब्द कन्नडमध्ये टाकून पण बघितले. टपरीवाल्या मावशी नुसत्या हसल्या. संध्याकाळी पाचच्या पुढं जा, दीपगृहाची वेळ तिथं विचारून घ्या, आणि लेकरांचा हात तटाजवळ सोडू नका, बऱ्याच ठिकाणी कठडा पडलेला आहे.

तिन्ही एका दमात करायचं डोक्यात असेल तर क्रम असा ठेवा, पहिल्या दिवशी पोचून नुसता आराम आणि संध्याकाळी कोर्लई, दुसऱ्या पहाटे फणसाड, आणि कनकेश्वर परतीच्या वाटेवर. जंजिरा किल्ला यात बसवू नका, राजपुरीच्या धक्क्यावर होडीच्या रांगेतच अर्धा दिवस जातो, त्याला वेगळी ट्रिप काढा, आमची दिवाळीनंतर ठरायलीय.